कानामागून आलेल्यांचे पेढे

बढत्यांची मेल बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येते. ज्यांचं नाव आहे ते शनिवार-रविवार साजरा करतील आणि ज्यांचं नाही ते सोमवारपर्यंत निवतील, असा काहीतरी हिशोब एचआरवाल्यांच्या डोक्यात असावा. पूर्वी यादी नोटीस बोर्डावर लागायची, तेव्हा निदान गर्दीत चेहरा लपवता यायचा. आता ‘रिप्लाय ऑल’वर अभिनंदनांची माळ लागते आणि तिच्यात आपल्यालाही दोन शब्द ओवावे लागतात, कारण न लिहिलेले ते दोन शब्द सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहतात. सोमवारी पेढ्यांचा बॉक्स फिरतो. ज्याला पाच वर्षांपूर्वी आपण एक्सेलमध्ये पिव्होट टेबल शिकवलं, तो आपल्या टेबलापाशी जरा जास्तच वेळ थांबतो. त्यालाही अवघडल्यासारखं होत असतं. मराठीत या प्रसंगाची म्हण तयार आहे: कानामागून आली आणि तिखट झाली. ती नेहमी तोंड पोळलेल्या माणसाकडूनच ऐकू येते.

त्याच रात्री राजीनामा लिहिला जातो. मीही लिहिला होता, पुण्यातल्या एका कंपनीत असताना, तिशी उलटल्यावर. चार परिच्छेदांचा. त्यातल्या तिनांत मी कंपनीसाठी काय काय केलं याची यादी होती. बायकोनं वाचून एवढंच विचारलं, “हे पत्र सोडून जाण्यासाठी लिहिलंयस की त्यांनी थांबवावं म्हणून?” मी लॅपटॉप मिटला. मसुदा मात्र पुसला नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता तीच नोकरी बरी चालली होती, ही यातली विचित्र गोष्ट. पगार तोच, खुर्ची तीच, साहेब तेच. सहा वाजता सगळं असह्य झालं. मधल्या दोन तासांत आपल्या पदरातून काहीच गेलं नव्हतं, दुसऱ्याच्या पदरात पडलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांची मोठी पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘द अमेरिकन सोल्जर’ या ग्रंथात मांडले. हवाई दलात बढत्या भराभर मिळत होत्या, लष्करी पोलिसांत फारच कमी. तरी बढतीच्या पद्धतीबद्दल जास्त नाराजी सापडली ती हवाई दलात. कारण कळल्यावर त्यात नवल वाटत नाही. लष्करी पोलिसांत शेजारच्या खाटेवरचाही शिपाईच राहिलेला असे, हवाई दलात मात्र मागे राहिलेल्याला रोज एखादा पुढे गेलेला दिसे. समाजशास्त्रात याला सापेक्ष वंचितता म्हणतात. घराघरांत ती फार आधीपासून ठाऊक आहे, चुलतभावाच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली की आपलं घर लहान वाटायला लागतं.

म्हणजे हा राग खोटा, असं नाही. पण राग यादीवरचा असतो आणि राजीनामा नोकरीचा दिला जातो. या दोन गोष्टी वेगळ्या करायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात करण्यासारखं काम एकच: ती यादी अपमान म्हणून न वाचता बातमी म्हणून वाचायची.

बातमी कळायची तर मागचे अंक लागतात. गेल्या तीन वर्षांच्या याद्या आठवून कागदावर मांडाव्यात. कोण पुढे गेलं, कोणत्या टीममधून, कोणाच्या हाताखालून? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तेव्हा ज्यांना डावललं ते आज कुठे आहेत? त्यातले निम्मे पुढच्या वर्षी-दोन वर्षांत वर गेले असतील, तर ही रांग आहे आणि तुमचा नंबर मागे आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातला एकही वर गेला नसेल, काही सोडून गेले असतील आणि उरलेले कोपऱ्यात जुन्या फायली सांभाळत असतील, तर या कंपनीत एकदा मागे पडलेल्याला पुन्हा वर घ्यायची रीत नाही. हे कोणी तोंडानं सांगत नाही, मोजावं लागतं.

काही ठिकाणी ही रीत उघड असते. सैन्याची रचनाच मनोऱ्यासारखी आहे, वर जावं तशा जागा कमी होत जातात. त्यामुळे निवड मंडळात न निवडलेले अधिकारी ही तिथली नेहमीची गोष्ट, त्यांच्यासाठी ‘सुपरसीडेड’ असा शब्दही रोजच्या बोलण्यात आहे. निवडीनं कर्नल न झालेला अधिकारी २६ वर्षं सेवा झाली की ‘टाइम स्केल’ कर्नल होतो. खांद्यावर चिन्हं तीच, पण पलटणीची सूत्रं त्याच्याकडे येत नाहीत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आश्वासित प्रगती योजना आहे: पद वाढलं नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वेतनाचा वरचा स्तर मिळतो. अशा ठिकाणी बढती हुकल्याचं नुकसान खिशाला कमी आणि मानाला जास्त होतं. राष्ट्रीयीकृत बँकांत तर गंमत उलटीच आहे. तिथे बढतीबरोबर बदली येते. मुलगी दहावीला, आई अंथरुणावर, अशा घरांत यादीत नाव येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

सरकारी नोकरीत विचारायची सोय तरी आहे. बढती हा हक्क नाही, पण बढतीसाठी विचार होणं हा घटनेच्या १६व्या अनुच्छेदाखालचा मूलभूत हक्क आहे, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. २००८ च्या देव दत्त प्रकरणात एका अभियंत्याला गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. म्हणजे दिसायला स्तुती आणि परिणामानं शिक्षा, तीही त्याला न कळवता. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असं न्यायालयानं त्यात सांगितलं. तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यानं रागानं काही लिहिण्याआधी आपले अहवाल आणि ज्येष्ठता यादी मागवून वाचावी. अनेकदा भांडण साहेबाशी नसून एका चुकलेल्या तारखेशी असतं.

खासगीत हे सगळं साहेबाच्या तोंडूनच काढावं लागतं. “मला का नाही?” या प्रश्नाला “बजेट नव्हतं”, “बेल कर्व्हमध्ये बसलं नाही”, “पुढच्या वेळी नक्की बघू” अशी ठरलेली उत्तरं मिळतात, कारण त्या प्रश्नात तक्रार असते आणि साहेब तक्रारीला शांत करतो, उत्तर देत नाही. त्याऐवजी असं विचारून पाहावं: “बढती समितीसमोर माझं नाव मांडलं गेलं होतं का? मांडलं असेल तर कोणत्या मुद्द्यावर अडलं?” नाव मांडलंच गेलं नव्हतं असं कळलं, तर अडचण तुमच्या कामात नाही, तुमच्यासाठी बोलणारं कोणी त्या खोलीत नाही यात आहे. मग कंपनी न बदलता विभाग बदलूनही भागतं. नाव मांडलं आणि नेमका मुद्दा सांगितला, तर तो साहेब ठेवण्यासारखा आहे. नेमकं काहीच सांगता आलं नाही, तर पुढच्या वर्षीही येणार नाही.

आता जाण्याबद्दल. आपल्याकडे डावलल्यावर खुर्ची सोडून गेलेल्यांची सगळ्यात गाजलेली उदाहरणं कंपन्यांतली नाहीत, सर्वोच्च न्यायालयातली आहेत. २४ एप्रिल १९७३ ला संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगेच ज्येष्ठतेत पुढे असलेल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं गेलं. तिघांनीही राजीनामे दिले. चार वर्षांनी न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांची पाळी आली. आणीबाणीत नागरिकाला अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते की नाही, या प्रश्नावर पाच न्यायाधीशांपुढे खटला चालला. २८ एप्रिल १९७६ च्या निकालात चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली, एकट्या खन्नांनी भिन्नमत दिलं. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद मोकळं झालं तेव्हा त्यांना बाजूला सारून एम. एच. बेग यांना नेमण्यात आलं. खन्नांनी राजीनामा दिला.

या गोष्टीतल्या दोन बारीक बाबी मला मोठ्या वाटतात. पहिली म्हणजे, किंमत खन्नांना आधीच माहीत होती. निकालापूर्वी हरिद्वारला गंगेकाठी बसलेले असताना, या निकालापायी आपलं सरन्यायाधीशपद जाणार असं त्यांनी बहिणीला सांगितलं होतं. आत्मचरित्रात त्यांनी तो प्रसंग लिहिला आहे. म्हणजे यादी लागली त्या दिवशी त्यांना धक्का बसला नाही, त्यांचा हिशोब नऊ महिने आधीच झालेला होता. दुसरी बाब साधी बेरजेची आहे. जुलै १९७७ मध्ये ते ६५ वर्षांचे होऊन निवृत्त होणारच होते. सोडायची होती ती पाचेक महिन्यांची खुर्ची. त्या पाच महिन्यांत बेग यांच्या हाताखाली बसणं म्हणजे जे घडलं त्याला मूक संमती देणं झालं असतं. मिळण्यासारखं फार थोडं उरलं होतं आणि गमावण्यासारखं बरंच, म्हणून त्यांचा राजीनामा आजही स्वच्छ वाटतो. त्याच खटल्यात बहुमतात असलेले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड १९७८ मध्ये सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून जास्त काळ त्या पदावर राहिले. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात आणीबाणीतला तो निकाल चुकीचा ठरवताना जे निकालपत्र गाजलं, ते त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेलं होतं. पण हे झालं चाळीस वर्षांनी. घरचा हप्ता इतकी वाट पाहत नाही.

आणि खन्नांचं उदाहरण आपल्यासारख्यांना फसवूही शकतं. त्यांना डावललं ते त्यांनी तत्त्व सोडलं नाही म्हणून. आपल्यापैकी बहुतेकांना डावललं जातं ते साहेबाला दुसरा अधिक सोयीचा वाटला म्हणून, किंवा खरोखरच दुसरा अधिक बरा होता म्हणून. दोन्हींत चीड सारखीच येते, त्यामुळे आपला राजीनामाही खन्नांच्या पंक्तीतला आहे असं रात्री अकराला वाटू लागतं.

लष्करातली एक गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ३१ ऑगस्ट १९५९ ला लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्यामुळे राजीनामा दिला. नेहरूंनी बोलावून समजूत घातली, थिमय्यांनी तो मागे घेतला. बातमी बाहेर फुटली होतीच. दोनच दिवसांनी नेहरूंनी संसदेत थिमय्यांच्याच वागण्याबद्दल नाराजी व्यक्त केली. मेनन जागेवरच राहिले, थिमय्याही राहिले, पण त्यांच्या शब्दाचं वजन गेलं. पुढे १९६१ मध्ये निवृत्त होताना त्यांनी आपल्या जागी कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं नाव सुचवलं. निवड झाली प्राणनाथ थापर यांची.

नोकरीतल्या काउंटर ऑफरबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या गोष्टीत आलेलं आहे. राजीनामा टेबलावर ठेवला की साहेब थांबवतो, दहा-पंधरा टक्के वाढवतो, “सहा महिन्यांत करून देतो” म्हणतो. तुम्ही थांबता. पण ‘हा जाऊ शकतो’ आणि ‘हा थांबवता येतो’, या दोन्ही गोष्टी आता त्याला कळलेल्या असतात. ज्या राजीनाम्याचा उपयोग घासाघिशीसाठी होतो तो एकदाच चालतो, आणि पुढच्या यादीच्या वेळी कोणाच्या तरी लक्षात असतो.

थोरातांचं पुढे काय झालं? पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीनच्या संभाव्य हल्ल्याचा अंदाज बांधला होता, मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसरावही घेतला होता. तो अंदाज दिल्लीनं बाजूला ठेवला. ते १९६१ मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी युद्ध झालं, पराभव झाला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये थापर यांना पायउतार व्हावं लागलं. थोरातांना आणि थिमय्यांना त्यानंतर राष्ट्रीय संरक्षण परिषदेत बोलावलं गेलं. थोरात प्रमुख असते तर काय झालं असतं, यावर कोल्हापुरात अजूनही वाद घालता येतो. मला त्यातून एवढंच दिसतं की आपल्याला न मिळालेली खुर्ची आपण नेहमी तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसांतली कल्पून तळमळतो.

राहिलेल्यांची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, कारण तिच्यात नाट्य नसतं. डिसेंबर २०१६ मध्ये जनरल बिपिन रावत यांना लष्करप्रमुख नेमलं गेलं तेव्हा त्यांना ज्येष्ठ असलेले दोन अधिकारी मागे पडले: पूर्व विभागाचे प्रवीण बक्षी आणि दक्षिण विभागाचे पी. एम. हारिज. दक्षिण विभागाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. बक्षींनी नव्या प्रमुखांना पाठिंबा जाहीर केला, दोघंही पदावर राहिले आणि २०१७ मध्ये वेळेवर निवृत्त झाले. याउलट १९८३ मध्ये जनरल अरुणकुमार वैद्यांची नेमणूक झाली तेव्हा डावलले गेलेले लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा बाहेर पडले आणि पुढे आसाम व जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. २००७ मध्ये दिल्लीच्या पोलीस आयुक्तपदी दोन तुकड्या कनिष्ठ अधिकारी बसल्यावर किरण बेदींनी आधी निषेधाची रजा घेतली, मग परत आल्या आणि त्याच वर्षअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली. यात कोण बरोबर, हे मी ठरवत बसणार नाही. फक्त बेदींनी घेतली ती स्वेच्छानिवृत्ती होती, राजीनामा नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण हा शब्दांचा खेळ नाही. जुन्या पेन्शन योजनेतल्या सरकारी कर्मचाऱ्यानं राजीनामा दिला तर आधीची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. तीच व्यक्ती २० वर्षं पूर्ण करून स्वेच्छानिवृत्ती घेते तेव्हा पेन्शन शाबूत राहतं. एकोणिसाव्या वर्षी रागानं ‘राजीनामा’ असा शब्द लिहिणाऱ्याचं किती जातं याचा हिशोब कार्यालयातला लेखापाल जास्त चांगला करून देईल.

खासगीत आकडे लहान, पण दुर्लक्ष करण्याइतके नाहीत. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ४०,००० रुपये आहे आणि नोकरीला साडेचार वर्षं झाली आहेत. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून: पाच वर्षांचे होतात सुमारे १,१५,३८५ रुपये. म्हणजे उरलेले हे सहा महिने दरमहा एकोणीस हजारांची जादा कमाई आहेत. पेढ्याची चव जाईपर्यंत थांबायला एवढं कारण पुरतं. पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वळवावा. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणीही तुटते. सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट मेडिक्लेमची. ऑफिसच्या पॉलिसीत आई-वडील असतात आणि शेवटच्या दिवशी ती संपते. बाबांच्या मधुमेहासाठी नव्या वैयक्तिक पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ‘पेपर टाकण्या’आधी ही पॉलिसी घेऊन ठेवावी.

एक प्रश्न मात्र पैशांत सुटत नाही: ती बढती आपल्याला हवी होती का? ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तिघा अभ्यासकांनी अनेक अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी खालावण्याची शक्यताही जास्त होती. उत्तम कोड लिहिणाऱ्याला मॅनेजर करून कंपनीनं एक चांगला प्रोग्रॅमर गमावला आणि एक वैतागलेला मॅनेजर मिळवला, हे हिंजवडीत कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. ज्यांना काम आवडतं पण माणसं हाताळणं आवडत नाही, त्यांनी डावललं गेल्यावर स्वतःला नीट विचारावं, की बोचतंय ते पद की पेढे?

आणि सगळं मोजूनही पारडी समसमान राहिली तर? अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी एक संकेतस्थळ काढून अडलेल्या लोकांना नाणं उडवायला सांगितलं. नोकरी सोडू का, लग्न मोडू का, असे प्रश्न. २० हजारांहून जास्त नाणी उडाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर मोठ्या निर्णयांत बदल केलेले लोक न केलेल्यांपेक्षा जास्त समाधानी होते. मी या प्रयोगावर पूर्ण विसंबत नाही. तिथे येणारी माणसं आधीच उंबरठ्यावर उभी होती आणि त्यांच्या घरी दरमहा हप्ता कोण भरत होतं हे नाण्याला माहीत नव्हतं. पण महिनोन्‌महिने उंबरठ्यावरच उभं राहिलेल्या माणसाला तो ऐकवावा असं मला वाटतं.

माझा मसुदा आठ महिने तसाच होता. मधल्या काळात साहेबांना विचारलं, माझं नाव समितीसमोर गेलंच नव्हतं असं कळलं, दुसऱ्या विभागासाठी अर्ज केला, तोही अडला. मग बाहेर पाहायला लागलो आणि एक काम मिळालं, पगार जवळजवळ तेवढाच, पण काम मला जे करायचं होतं ते. त्या रात्री जुनं पत्र उघडलं. तीन परिच्छेद पुसले, मग चौथाही पुसला. उरली तारीख आणि दोन ओळी.

साहेबांनी वाचून मान वर केली. “मागच्या वर्षीचं मनात आहे का अजून?”

मी नाही म्हणालो. बऱ्याच अंशी ते खरं होतं.